सुट्टीचा भोंगा

ते पहिल्यांदा माझ्यावर ओरडले तेव्हा माझ्या तोंडात घास होता.

गोखिवऱ्याच्या त्या कारखान्यात डिस्पॅच खात्यात लागून मला आठवडाही झाला नव्हता. जेवणाची सुट्टी झाली होती, पण एक ट्रक लवकर काढायचा होता. म्हणून मी टेबलावरच डबा उघडला आणि एका हाताने पोळीभाजी खात दुसऱ्या हाताने चलनं लिहीत बसले. नवी नोकरी होती. आपण किती मन लावून काम करतो हे कुणीतरी बघावं, असंही मनात असणार. बघितलं ते नेमकं साहेबांनी. दारात उभे राहून त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग डब्याकडे, मग चलनबुकाकडे.

"असं गोठ्यात चालतं," ते म्हणाले. "तू बैल आहेस का?"

मी मानेनेच नाही म्हटलं. बोलायला तोंड रिकामं नव्हतं.

"मग ऊठ."

त्यांनी माझ्या बोटांतून पेन काढून घेतलं, स्वतःच्या खिशाला अडकवलं आणि मला डब्यासकट कँटीनमध्ये हाकललं. पेन सुट्टी संपल्यावर मिळालं. मी कँटीनमध्ये बसून रडत जेवले. समोर चेकिंग खात्यातली सुलोचना बसली होती. अर्नाळ्याकडची, अंगाने दणकट. तिने माझ्या डब्यात बोंबलाची चटणी टाकली आणि म्हणाली, "भोंग्यानं धरलं का तुला? रडू नको. समद्यांना धरतो तो."

भोंगा हे त्यांचं पाठीमागचं नाव. हुद्द्याने ते पर्सोनेल ऑफिसर होते. आमच्याकडे प्लॅस्टिकच्या लांबलचक पट्ट्यांवर वेफर्सच्या आणि बिस्किटांच्या पुड्यांची छपाई व्हायची. शेडच्या डोक्यावर एक खराखुरा भोंगा होता, पण तो मी लागायच्या आधीच बंद पडला होता. मोठे शेठ तो दुरुस्त करत नव्हते. सगळ्यांकडे घड्याळं आहेत, म्हणायचे. खरी गोष्ट अशी की भोंगा वाजला नाही की शिफ्ट संपली हे मशीनच्या आवाजात कुणाला कळत नाही, आणि कळलं तरी पहिल्यांदा उठायची हिंमत कुणाला होत नाही. माणसं पंधरा-वीस मिनिटं, कधी अर्धा तास तशीच ओढली जातात. रोजची. हे शेठना ठाऊक होतं आणि यांनाही ठाऊक होतं. म्हणून शिफ्ट संपली की हे ऑफिसच्या जिन्यावर येऊन उभे राहायचे आणि बेंबीच्या देठापासून ओरडायचे, "सुट्टी!"

तो आवाज ऐकून शेजारच्या गाळ्यांतले कामगारसुद्धा उठून चालायला लागायचे. एका गाळ्याचा मालक तक्रार घेऊन आमच्या शेठकडे आला होता. यांनी त्याला चहा पाजला आणि विचारलं, "तुमच्याकडे सुट्टी किती वाजता असते? तेवढं सांगा, म्हणजे मी तुमच्यासाठी वेगळा ओरडतो." तो माणूस परत आला नाही.

दिसायला ते काही विशेष नव्हते. बुटके, मान जाड, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, पायात चपला. उमेळ्याहून सायकलने यायचे. घरची वाडी होती, केळीची आणि पानवेलीची. हँडलला अडकवलेल्या पिशवीत कधी राजेळी केळी असायची, ती ते कुणाच्याही टेबलावर आपटून निघून जायचे. "खा" एवढंच म्हणायचे, तेही रागातच. घरची त्यांची बोली वेगळी होती. आमच्यासारख्या कोकणातून, घाटावरून आलेल्या माणसांना ती धड कळायची नाही. एरवी ते सगळ्यांशी साधं मराठीच बोलायचे. फार संतापले की मात्र घरची बोली तोंडात यायची, आणि न कळणाऱ्या त्या शब्दांचीच जास्त भीती वाटायची.

त्यांची काही वाक्यं ठरलेली होती. "काम उद्या असणारच आहे, तुझी पाठ असेल का ते बघ," हे रोजचं. "मशीनला तेल लागतं हे सगळ्यांना कळतं. माणसाला झोप लागते, एवढं सांगायला मला पगार देऊन ठेवलाय," हे शेठच्या देखत. हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून शिरलं यावर कँटीनमध्ये बऱ्याच कथा होत्या. त्यांचा भाऊ गिरणीत राबून राबून गेला, असं कुणी सांगायचं. आधी ते मुंबईत मोठ्या कंपनीत होते आणि तिथे त्यांच्या डोळ्यांदेखत काहीतरी घडलं, असं दुसरं कुणी. सुलोचनाने एकदा सरळ विचारलं. ते तिच्यावरच भडकले.

"कारण कशाला लागतं? तू दमतेस, हे कारण पुरत नाही?"

ते सगळ्यांना आवडत होते असं मात्र कुणी समजू नये. ते असह्य होते. लोकांना ओव्हरटाइम हवा असायचा. कुणाच्या घराचा हप्ता, कुणाच्या बहिणीचं लग्न. हे ओव्हरटाइमच्या यादीतून बेधडक नावं खोडायचे. सलग दोन आठवडे जादा बसलेला माणूस तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या डोळ्यांसमोर नको असायचा. आम्ही नालासोपाऱ्याचं भाड्याचं घर सोडून माणिकपूरला स्वतःच्या दोन खोल्या घ्यायला निघालो होतो, तेव्हा माझंही नाव त्यांनी असंच खोडलं. मी तरातरा त्यांच्या केबिनमध्ये गेले. आमच्या घरचं तुम्ही कोण ठरवणार, असं बोलून बसले. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "बरोबर आहे तुझं. मी कोणीच नाही. नाव खोडलेलं राहील." तेव्हा त्यांचं तोंड बघू नये असं वाटलं होतं. आजही त्या प्रसंगात ते पूर्ण बरोबर होते असं मी म्हणणार नाही. पगार अपुरा ठेवायचा शेठने आणि जादा काम नाकारायचं यांनी, मधल्यामध्ये आम्ही.

एका रविवारी मोठ्या शेठनी मला त्यांच्या घरी पाठवलं. एका कागदावर त्यांची सही हवी होती आणि सोमवारी सकाळीच तो कागद पुढे जायचा होता. मी उमेळ्याला पोचले तेव्हा ते वाडीत पाटाचं पाणी वळवत होते. लुंगी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात फावडं. माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. मी विहिरीच्या कठड्यावर बसून राहिले. त्यांच्या बायकोने लिंबाचं सरबत आणून दिलं आणि हळूच म्हणाली, "आज सही होणार नाही हो. उगाच आलात एवढ्या लांब." सगळं पाणी पाजून झाल्यावर ते आले, हातपाय धुतले, माझ्या हातात केळ्यांची फणी दिली. मी कागद पुढे केला.

"रविवारी मला हात नसतात," ते म्हणाले.

मी म्हटलं, साहेब, शेठ माझ्यावर ओरडतील. तर म्हणाले, "त्याला सांग, रविवारी एका बाईला कामाला पाठवलंस म्हणून मी तुझ्यावर ओरडणार आहे." आणि सोमवारी मी कारखान्यात पोचले तेव्हा ते शेठच्या केबिनमध्ये खरोखरच ओरडत होते. कागदावर सही केव्हाच झाली होती.

दशरथची गोष्ट याच्या पुढच्या वर्षातली.

दशरथ छपाईच्या मोठ्या मशीनवर होता. साताऱ्याकडचा, अबोल, हातात कसब असलेला माणूस. चार रंग एकमेकांवर केसाचाही फरक न होता बसवायचे म्हणजे खेळ नव्हे. ते दशरथलाच जमायचं. गोखिवऱ्यातच चाळीत राहायचा. एक दिवस त्याची बायको कारखान्याच्या गेटवर आली आणि वॉचमनला न जुमानता सरळ पर्सोनेलमध्ये शिरली. मी तिथे हजेरीचं काही विचारायला गेले होते, म्हणून सगळं ऐकलं. ती म्हणाली, माझ्या नवऱ्याला इथं कोण दारू पाजतं ते मला सांगा. लग्नाला इतकी वर्षं झाली, थेंबाला शिवला नाही. आता रोज झोकांड्या खात घरी येतो. डोकं धरून बसतो. पोरांची नावं एकमेकांना लावतो. परवा हातातला तांब्या सुटून पायावर पडला. विचारलं तर म्हणतो प्यालो नाही. ती बोलत होती आणि रडत होती आणि मधेच माझ्याकडे बघून, "बाई, तुम्ही तरी सांगा," म्हणत होती.

यांनी दशरथला बोलावलं आणि सरळ त्याचं तोंड हुंगलं. मग त्याचा शर्ट हुंगला. वास होता तो शर्टाला, तोंडाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची खुर्ची उचलली आणि छपाईच्या हॉलमध्ये मोठ्या मशीनशेजारी नेऊन ठेवली. शाई पातळ करायला तिथे थिनर वापरत. शाईचे ट्रे उघडे, थिनरचे पिंप उघडे. आम्हाला त्या वासाची सवय झाली होती, म्हणजे आत गेलं की डोळे चुरचुरायचे आणि बाहेर आलं की विसरायचो. हॉलच्या भिंतीत मोठा एक्झॉस्ट फॅन होता. तपासणीला कुणी आलं की तो फिरायचा. एरवी बंद, कारण त्याच्या वाऱ्याने शाई लवकर सुकते आणि माल वाया जातो, असं सुपरवायझरचं म्हणणं होतं. वीजही खातो. खिडक्या धूळ येते म्हणून खिळे मारून बंद केलेल्या.

अख्खी शिफ्ट ते त्या खुर्चीत बसून राहिले. शिफ्ट संपली तेव्हा जिन्यावर "सुट्टी" ओरडायला कुणी आलंच नाही. आम्ही बघायला गेलो तर ते भिंतीला धरून उभे होते आणि डोळे तांबडेलाल झाले होते. दशरथनेच त्यांना हाताला धरून बाहेर आणलं. सायकल तिथेच ठेवून रिक्षाने घरी पाठवावं लागलं. नंतर त्यांनीच सांगितलं, बायकोने दारातच विचारलं, "प्यालात काय?"

त्या दिवसापासून त्यांचं ओरडणं बदललं. आधी त्यात थोडी गंमत असायची, लोक गालातल्या गालात हसायचे. आता हसावंसं वाटायचं नाही. ते मोठ्या शेठकडे गेले. शेठ भला माणूस होता असं सगळे म्हणतात. माझं मत तसं नाही. तो गोड बोलायचा, एवढंच. त्याने सांगितलं, बघतो, करतो, दिवाळीनंतर नवीन फॅनच टाकू. दिवाळी झाली, काही हललं नाही. मग यांनी स्वतःच सुरू केलं. मधूनमधून छपाईच्या हॉलमध्ये जायचं, मशीन थांबवायला लावायचं आणि सगळ्यांना बाहेर गल्लीत हवेवर उभं करायचं. मशीन थांबलं की रंग सरकतात, पट्टीचा तुकडा फुकट जातो. माल कमी निघायला लागला, कामगारांचा बोनस कापला गेला. शेवटी दशरथच त्यांच्यासमोर हात जोडून उभा राहिला. म्हणाला, "साहेब, माझ्या पोटावर येऊ नका."

ते त्याच्यावर ओरडले नाहीत. खाली मान घालून निघून गेले. त्यांना तसं जाताना मी पहिल्यांदाच बघितलं.

अशातच धाकटे शेठ आले. मोठ्या शेठचा मुलगा, मुंबईत मॅनेजमेंटचा कोर्स करून आलेला. परदेशातली कुठलीशी कंपनी आमच्याकडून माल घेणार होती आणि कामगारांची काळजी घेतली जाते की नाही याचे फोटो त्यांना हवे होते. ही गोष्ट आम्हाला नंतर कळली. त्या वेळी एवढंच दिसलं की गेटवर भलामोठा कापडी फलक लागला. 'निरोगी कामगार, आनंदी परिवार.' त्यावर हेल्मेट घातलेला, गोबऱ्या गालांचा एक हसरा माणूस रंगवला होता. तसा माणूस आमच्या कारखान्यात एकही नव्हता.

धाकट्या शेठना घर आणि काम यांचा तोल या विषयावर कामगारांना मार्गदर्शन करायचं होतं. मुंबईहून वक्ते येणार. हजेरी सक्तीची. आणि दिवस कोणता, तर रविवार. आठवड्यातून एक दिवस घरी असणाऱ्या माणसांना त्या दिवशी कारखान्यात बोलवायचं आणि घरच्यांना वेळ द्या म्हणून सांगायचं. हे लिहिताना आजसुद्धा माझी कानशिलं तापतात. बरं, त्या पोराला यात काही चूक दिसत नव्हती, हे त्याहून वाईट.

सूचनेवर पर्सोनेल ऑफिसर म्हणून यांची सही लागणार होती. आम्हाला वाटलं, आता फाडतात कागद. त्यांनी निमूट सही केली. मग खात्याखात्यांत फिरून प्रत्येकाला सांगितलं, भाषण परिवाराबद्दल आहे, तेव्हा परिवार आणा. सासू, दीर, तान्ही पोरं, सगळी आणा. घरी कुणी ठेवू नका.

तो रविवार मी विसरणार नाही. सुलोचना तिची तीन पोरं, नणंद आणि आंधळ्या सासऱ्याला घेऊन आली. कुणी शेजाऱ्यांचीही पोरं आणली. पोरं पॅकिंगच्या रोलवर चढली, ट्रॉल्यांवर बसून एकमेकांना ढकलायला लागली, वक्त्यांच्या माइकची वायर कुणाच्या तरी पायात अडकली. वक्ते म्हणत होते, मुलांसोबत वेळ घालवा, आणि मुलं त्यांच्या पाण्याच्या जगमध्ये हात घालत होती. अर्ध्या तासात कार्यक्रम आटोपला. साहेब स्वतः आलेच नव्हते. रविवार होता ना.

धाकटे शेठ सोमवारी त्यांना काही म्हणाले नाहीत. पण आम्ही ओळखलं, यांचे दिवस भरले.

त्यानंतर आरोग्य शिबिर झालं. डॉक्टर आले, रांगेत उभं करून रक्तदाब मोजला, छातीला नळी लावली, जीभ बघितली. दशरथ हात थरथरतो म्हणून सांगायला गेला तर डॉक्टर म्हणाले, चहा कमी करा. प्रत्येकाला एक छापील दाखला मिळाला, 'प्रकृती उत्तम'. साहेब डॉक्टरांना म्हणाले, जरा आत हॉलमध्ये येऊन उभे राहता का माझ्याबरोबर? डॉक्टर यायला तयार होते. धाकट्या शेठनी त्यांना मधेच जेवायला नेलं.

आणि शिबिराचा शेवट म्हणून प्राणायाम ठेवला होता. आधी तो बाहेर आवारात व्हायचा होता. पण आवारात ट्रक लागले होते, आणि फोटोत मागे मोठं मशीन दिसायला हवं, असं धाकट्या शेठच्या मनात आलं. म्हणून सगळ्यांना छपाईच्या हॉलमध्ये नेलं. मशीन नुकतंच थांबवलेलं, ट्रेमध्ये शाई तशीच, पिंपं तशीच. खाली सतरंज्या घातल्या. चेकिंगच्या बायका, छपाईची माणसं, आम्ही डिस्पॅचवाले, सगळे मांडी घालून दाटीवाटीने बसलो. दार ओढून घेतलं, बाहेरचा आवाज नको म्हणून. दशरथ पहिल्या रांगेत होता, कारण तो मशीनचा मुख्य माणूस. समोर पांढऱ्या कपड्यातले गुरुजी बसले. ते सज्जन वाटले, त्यांना बिचाऱ्यांना काही ठाऊक नसणार. त्यांनी डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाले, "आता दीर्घ श्वास घ्या. छाती भरून घ्या. अजून. अजून आत घ्या."

आम्ही घेतला. इतक्या माणसांनी एकदम घेतला. माझ्या डोक्यात कुणीतरी खिळा ठोकल्यासारखं झालं. शेजारची पोरगी खोकायला लागली. गुरुजी म्हणाले, "खोकला आला तर येऊ द्या, विकार बाहेर पडतायत."

तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

"श्वास घेऊ नका!" ते ओरडले. "कुणी श्वास घेऊ नका!"

तो आवाज जिन्यावरचा नव्हता. तसा आवाज मी त्याआधी आणि त्यानंतर माणसाच्या गळ्यातून ऐकलेला नाही. ते सतरंज्या तुडवत आत आले, माणसांना दंडाला धरून उठवायला लागले, दाराकडे ढकलायला लागले, आणि त्यांच्या घरच्या बोलीत काय काय बोलत होते देव जाणे. एका पान्ह्याने त्यांनी खिडकीचे खिळे उचकटायचा प्रयत्न केला, ते निघेनात तेव्हा काच फोडली. आम्ही सगळे खोकत, ठेचकाळत बाहेर गल्लीत आलो. पहिल्या रांगेतला दशरथ मात्र उठला नव्हता. तो डोळे मिटून तसाच बसला होता, आज्ञाधारक मुलासारखा, आणि एका बाजूला कलत चालला होता. यांनी त्याला खांद्यावर घेतलं. त्या वयात. बाहेर आणून सावलीत झोपवलं, शर्टाची बटणं काढली, तोंडावर पाणी मारलं.

धाकटे शेठ त्यांच्या मागोमाग आले. सगळ्यांसमोर म्हणाले, तुम्ही कंपनीचं नाव खराब केलंत.

साहेब दशरथचं डोकं मांडीवर घेऊन खाली बसले होते. वर न बघताच बोलले. आवाज अगदी हळू.

"माणसाला विष हुंगवायचं आणि वर सांगायचं, खोल हुंग. तुमच्या वडिलांनी निदान खोल हुंग म्हणून कधी सांगितलं नव्हतं."

त्याच संध्याकाळी त्यांना काढलं. ते जिन्यावर आले, रोजच्यासारखे "सुट्टी" ओरडले, सायकल घेतली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचं हे कुणी ठरवलं नव्हतं. आम्ही गेटवर आलो. सुलोचना फलकाखाली उभी होती, आत जात नव्हती. तिच्याजवळ जाऊन मी उभी राहिले. मग चेकिंगच्या बाकीच्या बायका थांबल्या. मग पॅकिंगच्या. छपाईची पुरुषमाणसं आधी आत गेली होती, ती एकेक करून बाहेर आली आणि जरा लाजत आमच्या मागे उभी राहिली. सुपरवायझर आला, मग धाकटे शेठ आले, आम्हाला कुणी भडकवलं म्हणून विचारायला लागले. सुलोचना म्हणाली, "आमाला कोनी नाय सांगितलं. पंखा लावा, खिडक्या उघडा. मग येऊ. नायतर नाय येनार." त्यांनी माझ्याकडे बघितलं, शिकलेली बाई म्हणून. मी म्हटलं, ती सांगते तेच. आणखी एक, साहेबांना परत घ्या.

दोन दिवस आम्ही बाहेर होतो. परदेशी कंपनीचे लोक यायचे होते म्हणून शेठना घाई होती, हे आमच्या पथ्यावर पडलं. फॅन सुरू झाला. खिडक्या उघडल्या. शाईचे ट्रे झाकायला पत्र्याची झाकणंही आली. साहेबांना मात्र परत घेतलं नाही. आम्ही अजून थांबायला तयार होतो. पण त्यांनीच निरोप पाठवला, "पंखा लागला ना? मग उन्हात काय उभ्या राहता? कामाला लागा." निरोपातसुद्धा ओरडलेच.

दशरथला छपाईवरून काढून माझ्याकडे डिस्पॅचला दिलं. डोकेदुखी गेली. हाताचं थरथरणं गेलं नाही. चार रंग केसाचाही फरक न होता बसवणारा माणूस, त्याला खोक्यावर धड नंबर लिहिता येईना. त्याने भरपाई मागितली, तेव्हा कंपनीने कोणता कागद पुढे केला? शिबिराचा. 'प्रकृती उत्तम.' त्याला काहीच मिळालं नाही. दोन-तीन वर्षांत तो बायकापोरांना घेऊन गावी गेला. जाताना घरी भेटायला आला तर कप बशीत ठेवताना वाजू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून होता. मला वाटतं, माणसाने काही गोष्टी माफ करू नयेत. मी केलेल्या नाहीत.

साहेबांना मी शेवटची भेटले तोवर मधे बरीच वर्षं गेली होती. माझी मुलगी कॉलेजात जायला लागली होती. त्यांची बायको गेल्याचं उशिरा कळलं, म्हणून उमेळ्याला गेले. ओळखीच्या खुणा सापडेनात. चुलतभावांनी आपल्या वाट्याची वाडी विकली होती आणि तिथे सात मजली इमारत उभी होती. यांची केळी तेवढी तिच्या सावलीत अजून होती. घराचं दार उघडं, आत कुणी नाही. शेजारणीने इमारतीच्या गेटकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "तिथं असतील. रोजचं भांडण आहे."

ते फाटकाशी उभे होते. वाळलेले, पाठीत वाकलेले, पण मान तशीच जाड. हातात घरातली लाकडी खुर्ची. समोर सोसायटीचा सेक्रेटरी, माझ्याच वयाचा, बोलायला नम्र. आणि मधे इमारतीचा वॉचमन, उत्तरेकडचा कुणी म्हातारा, बूट काढून ठेवलेला, पाय सुजून भाकरीसारखे झालेले.

सेक्रेटरी सांगत होता, काका, आम्ही कालच तुमची खुर्ची घरी आणून ठेवली होती. परवाही ठेवली होती. हे लोक खुर्ची दिली की झोपतात.

"झोपू दे. दिवसभर उभा असतो तो."

"काका, कमिटीचा निर्णय आहे."

"मग कमिटीला बोलाव आणि इथे उभी कर दिवसभर."

त्यांनी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली, हलवून बघितली, एका पायाखाली चपटा दगड सरकवला. मग वॉचमनला म्हणाले, "बैठो."

वॉचमनने सेक्रेटरीकडे बघितलं.

"उधर मत देखो. बैठो."

तो बसला, आधी अंग चोरून, मग हळूहळू पाठ टेकून. सेक्रेटरी थोडा वेळ उभा राहिला आणि लिफ्टकडे निघून गेला. मी पुढे होऊन हाक मारली. त्यांनी मला ओळखलं, पण जागचे हलले नाहीत. म्हणाले, "घरात जाऊन बस. दार उघडंच आहे. मी येतो." आणि सत्तरी ओलांडलेला तो माणूस खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तिथेच उभा राहिला, त्याला उठवायला कुणी येतं का ते बघत.